रस्सीखेचीतली रस्सी कोण? सीमाभागातले मीम जरा उलगडून बघूया

नोव्हेंबर जवळ आला की आमच्या बेळगावात दोन गोष्टी सुरू होतात, चन्नम्मा चौकाकडं लाल-पिवळ्या पताका लागतात आणि मोबाईलवर मीम यायला लागतात. १ नोव्हेंबर म्हणजे कर्नाटकाचा राज्योत्सव, आणि त्याच दिवशी इथला मराठी माणूस काळा दिवस पाळतो, कारण १९५६ साली याच तारखेला प्रांतरचनेत बेळगाव मुंबई राज्यातनं काढून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, घातलं. पुढं हा वाद सोडवायला केंद्रानं नेमलेला महाजन आयोग आला, १९६७ च्या अहवालात त्यानं २६४ गावं महाराष्ट्राला द्या म्हटलं, २४७ कर्नाटकाला, आणि बेळगाव शहर आहे तिथंच राहू दे. महाराष्ट्रानं ते नाकारलं, २००४ ला केस सुप्रीम कोर्टात गेली ती अजून तिथंच आहे. हे इथल्या पोरासोरांना पाठ असतंय, त्यामुळं लांबवत नाही.

मला बोलायचंय ते मीमबद्दल. हसून झाल्यावर लगेच फॉरवर्ड न करता दोन मिनिटं थांबून त्याच्याकडं बघायचं झालं तर काय बघायचं, एवढंच. याला कॉलेजात क्रिटिकल सोशल थिअरी म्हणतात, मराठीत चिकित्सक समाजसिद्धांत वगैरे, पण नावाला घाबरू नका. जर्मनीत फ्रँकफर्टला १९२३ साली एक संशोधन संस्था निघाली, तिथल्या मंडळींना एक कोडं पडलं होतं की कामगारांनी खरं तर मालकाविरुद्ध उठायला पाहिजे, मग ते हिटलरच्या मागं का चाललेत? त्यातल्या होर्कहायमरनं १९३७ ला लिहून ठेवलं की नुसतं जग कसं आहे ते सांगणं ही एक थिअरी, आणि ते तसं कसं झालं, त्यात कुणाचा फायदा आहे, ते वेगळं असू शकतं का, हे विचारणं ही दुसरी. दुसरी म्हणजे क्रिटिकल. आता खरं सांगायचं तर आपल्याकडं जोतिबा फुल्यांनी हेच काम १८७३ ला 'गुलामगिरी'त करून ठेवलंय, म्हणजे फ्रँकफर्टची संस्था निघायच्या ५० वर्षं आधी. सगळ्यांना तोंडपाठ असलेली वामन आणि बळीची गोष्ट घेतली आणि विचारलं, ही गोष्ट सांगितली कुणी, आणि बळीला पाताळात घालून कुणाचं भलं झालं? मीम वाचायला एवढे दोन प्रश्न हाताशी असले की अर्धं काम होतंय.

आता एक मीम घेऊ. आमच्या गल्लीच्या ग्रुपवर दरवर्षी येतो तो. फोटोत रस्सीखेच चाललीय, डावीकडच्या गड्यांवर लिहिलंय महाराष्ट्र, उजवीकडच्यांवर कर्नाटक, आणि मधल्या रस्सीवर लिहिलंय बेळगाव. बाजूला खुर्चीवर एक पंच पेंगतोय, त्याच्यावर सुप्रीम कोर्ट. बस्स. मीसुद्धा हसलो, मजा आहे त्यात, कोर्टाचा टोमणा तर एकदम बरोबर बसलाय. फोटो इतका फुटलेला की गड्यांची तोंडंसुद्धा दिसत नाहीत, कोपऱ्यात एका पेजचा लोगो, त्याच्यावर दुसऱ्या पेजनं आपला लोगो चिकटवलेला, 'कर्नाटक' मधला रफार उडालेला. हितो स्टायर्ल नावाची जर्मन कलाकार आहे, तिनं २००९ ला अशा फुटक्या फोटोंवर लिहिलंय. तिचं म्हणणं थोडक्यात असं की फोटो जितका खराब तितका तो जास्त फिरलेला, जास्त हातांतनं गेलेला, म्हणजे खराब असणं हीच त्याची हिस्ट्री.

पहिली गोष्ट बघा, रस्सी. ओढणाऱ्यांना हात आहेत, पाय आहेत, जोर आहे. रस्सीला काय आहे? तिला तोंड नाही, मत नाही, तिला कुणी विचारत नाही, तिनं फक्त ताणून घ्यायचं. आता बेळगाव म्हणजे काय रस्सी आहे काय हो? शहापूर-वडगावातले विणकर, उद्यमबागेतल्या फाउंड्रीत घाम गाळणारी माणसं, रविवार पेठेतले व्यापारी, खानापूरच्या जंगलातनं शाळेला चालत येणारी पोरं, यांचं मिळून बेळगाव होतंय. मीममध्ये ते सगळं गायब आणि उरली नुसती जमीन. असे मीम बऱ्याचदा पुण्या-मुंबईकडनं नाहीतर बेंगळूरकडनं येतात, आणि तिथनं बघितलं की आमचं गाव वस्तूच दिसतंय, आपली नाहीतर त्यांची.

याचंच अजून एक रूप म्हणजे तो प्रसिद्ध फोटो, पोरगा आपल्या गर्लफ्रेंडबरोबर चाललाय आणि वळून दुसरीकडं बघतोय. स्पेनमध्ये २०१५ ला काढलेला स्टॉक फोटो, २०१७ ला जगभर व्हायरल झाला. सीमाभागाच्या मीममध्ये बेळगाव त्यात नेहमी पोरगी असतंय, नवरी असतंय, पळवून नेलेली बहीण असतंय. ओढणारा मात्र कायम पुरुष. भूमी म्हणजे बाई आणि तिची इज्जत राखणारा गडी, ही जुनी सवय आहे, फेमिनिस्ट अभ्यासकांनी यावर भरपूर लिहिलंय, त्यामुळं मी पुढं जातो.

फ्रेंच लेखक रोलाँ बार्थनं १९५७ ला एका मासिकाच्या कव्हरवर लिहिलेलं खूप गाजलं. कव्हरवर फ्रेंच युनिफॉर्ममधला एक काळा पोरगा सॅल्यूट ठोकतोय, वर नजर लावून. दिसायला एवढंच. पण बार्थ म्हणाला की हा फोटो गुपचूप एक दुसरीच गोष्ट सांगतोय, की फ्रान्सचं साम्राज्य किती चांगलं, बघा सगळ्या रंगांची पोरं कशी आनंदानं सेवा करतायत. आफ्रिकेतली लूट, मारहाण, गुलामी फोटोतनं पुसून गेली. इतिहासात घडलेली गोष्ट जणू निसर्गानंच तशी बनवलीय असं दाखवायचं, याला तो मिथ म्हणतो. रस्सीच्या मीममध्ये हेच होतंय की. दोन राज्यं म्हणजे दोन टीम, त्या कायमच्या होत्या आणि कायमच्या राहणार, असं गृहीत धरलंय. ज्या भागात आदिलशाही होती, मराठे होते, पेशवे होते, कित्तूरची राणी चन्नम्मा होती, इंग्रजांचा बॉम्बे प्रेसिडेन्सीतला जिल्हा होता, तिथं १९५६ ची रेघ एकदम डोंगर-नदीसारखी वाटायला लागते. मायकल बिलिग म्हणून एक इंग्लिश अभ्यासक आहे, त्यानं १९९५ ला सांगितलं की राष्ट्रवाद मोर्चात फडकवलेल्या झेंड्यापेक्षा पोस्ट ऑफिसवर नुसताच लोंबणाऱ्या, कुणाचं लक्षही न जाणाऱ्या झेंड्यात जास्त मुरतो. तसंच मीमच्या कोपऱ्यातला राज्याचा नकाशा, नावाच्या पुढं टाकलेली लाल-पिवळी बदामं किंवा भगवा झेंडा. कुणी वाचत नाही, पण डोक्यात बसतंय.

आता लोक मीम वाचतात कसं? स्टुअर्ट हॉल, मूळचा जमैकाचा, इंग्लंडमध्ये शिकवायचा, त्यानं १९७३ ला टीव्हीबद्दल मांडलेली गोष्ट इथं फार उपयोगाची आहे. बनवणारा एक अर्थ भरून पाठवतो, पण घेणारा तो तसाच घेईल असं नाही. कुणी जसाच्या तसा घेतो, कुणी थोडा घासाघीस करून घेतो, कुणी सरळ उलटा वाचतो. माझ्या पुण्यातल्या मावसभावानं रस्सीचा मीम स्टेटसला टाकला, वर लिहिलं 'बेळगाव आमच्या हक्काचं'. हुबळीकडच्या एकानं तोच मीम घेऊन 'बेळगावी नम्मदे', म्हणजे बेळगाव आमचंच, असं लिहून टाकला. आपल्याला वाटतंय की ही दोन विरुद्ध टोकं. पण हॉलच्या हिशेबानं दोघंही एकाच गटात बसतात, कारण रस्सी कुणाची तरी असते आणि ताकद असेल त्यानं ओढून न्यावी, हे दोघांनीही मान्यच केलंय, भांडण फक्त कोण जिंकणार यावर आहे. मला या सगळ्या थिअरीतली ही सगळ्यात कामाची गोष्ट वाटते, कारण आपण आयुष्यभर समजतो की विरोधी कमेंट टाकली म्हणजे विरोध झाला.

खानापूरकडचे आमचे एक काका आहेत, त्यांनी मीम बघितला, हसले आणि म्हणाले, "ते ओढू देत की खुळ्यांनो, पण माझा उतारा कानडीत येतोय, तो वाचून घ्यायला मी दर वेळी कुणाच्या तरी पाया पडायचं काय?" भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर असतील तिथं सरकारी परिपत्रकं, सूचना त्यांच्या भाषेतही मिळायला पाहिजेत असं कागदावर आहे, त्याचा हा प्रश्न. काकांनी रस्सीखेच मान्य केली पण त्यात आपला उतारा घुसवला, ही घासाघीस. आणि तिसरा माझा गोकाकचा मित्र, घरी कानडी, आम्हा सगळ्यांशी मराठी, दुकानात हिंदी, शिव्या तिन्ही भाषांत. तो म्हणाला, "मी कुठल्या बाजूला उभं राहू? फोटोत तर मला जागाच नाही." हे उलटं वाचन. त्यानं मीमचं मैदानच नाकारलं. आणि बघायला गेलं तर त्याच्यासारखी माणसं इथं किती आहेत, घरात उर्दू बोलणारे, कोकणी बोलणारे, यातलं कुणीच त्या फोटोत नाही.

यानंतर येतात ते 'खरा मराठी असशील तर शेअर कर' वाले, त्याची कानडी आवृत्तीपण असते, अगदी तशीच. हे वरवर फालतू वाटतंय पण लुई अल्थुसेर या फ्रेंच विचारवंतानं १९७० ला यावरच बोट ठेवलंय. त्याचं उदाहरण असं की रस्त्यात मागनं पोलिसानं "ए, तू!" म्हणून हाक मारली आणि तुम्ही वळून बघितलं, की झालं, वळल्याबरोबर तुम्ही त्या हाकेतला 'तू' झालात. मीमची हाक अशीच असते. शेअर केलं तर तुम्ही खरे मराठी, नाही केलं तर मनात एक खुटखुट, की आपण कमी पडलो काय. दोन्ही बाबतीत तुम्ही वळून बघितलंच. भाजी घेताना, बसमध्ये, कॉलेजात दिवसभर तुम्ही कुणी तरी वेगळेच असता, कुणाचा बाप, कुणाचा कस्टमर, कुणाचा भाडेकरू, पण संध्याकाळी मोबाईल उघडला की तेवढी एकच ओळख शिल्लक राहते.

आणि म्हणून काय मीममध्ये येत नाही ते बघणंपण तेवढंच महत्त्वाचं. अंतोनियो ग्राम्शी हा इटलीतला कम्युनिस्ट पुढारी, मुसोलिनीनं त्याला १९२६ ला जेलात टाकलं, तिथं वह्याच्या वह्या लिहिल्या आणि १९३७ ला वारला. तो म्हणतो की सत्ता फक्त लाठीवर चालत नाही, लोकांना 'हे तर असंच असतंय की' वाटायला लावून चालते, याला तो हेजिमनी म्हणतो. आमच्या भागात 'असंच असतंय' काय आहे, तर निवडणुका भाषेवर, भांडणं भाषेवर. उसाचं बिल थकलं, यावर मीम कितीसे बघितलेत तुम्ही? विणकराच्या मजुरीवर? बीडी वळणाऱ्या बायकांवर? शोधून दाखवा. आणि हे कायम असंच होतं असंही नाही, १९८१ ला निपाणीत तंबाखूचे शेतकरी शरद जोशींच्या बरोबर हायवेवर ठाण मांडून बसले, गोळीबार झाला, शेतकऱ्यांचे जीव गेले. त्या रस्त्यावर मराठी बोलणारा होता, कानडी बोलणारा होता, आणि मुद्दा होता तंबाखूच्या दराचा. तेच निपाणी, महाजन आयोगानं महाराष्ट्राला द्या म्हटलेलं. म्हणजे रस्सीखेचीशिवाय दुसरा फोटो शक्य होता, झाला होता. माझ्या भाच्याला हे सांगितलं तर त्याला माहीतच नव्हतं, सीमाप्रश्नाच्या तारखा मात्र त्याला सगळ्या पाठ.

आता कुणी म्हणेल की बाबा, तू सगळ्याच विनोदाची वाट लावायला बसलायस. थोडं खरं आहे, आणि या थिअरीवाल्यांतला आडोर्नो तर भलताच रुसलेला माणूस होता. होर्कहायमरबरोबर त्यानं १९४० च्या दशकात लिहिलं की सिनेमा-रेडिओ हा एक कारखाना झालाय, माल तोच, फक्त वरचं लेबल बदलून देतात, आणि हसणंसुद्धा माणसाला गप्प बसवायला वापरतात. मीमच्या टेम्प्लेटला हे किती चपखल बसतंय बघा, फोटो तोच, लेबल तुम्ही बदला आणि स्वतःला क्रिएटिव्ह समजा. पण आडोर्नोच्या वेळचा श्रोता रेडिओला उलट बोलू शकत नव्हता, आमचा पोरगा दोन मिनिटांत उलटा मीम करून पाठवतो, हा फरक लहान नाही. रशियातला साहित्याचा अभ्यासक बाख्तिन असता तर त्यानं याला कार्निव्हल म्हटलं असतं, म्हणजे आपला शिमगा, त्या दिवशी पाटलालासुद्धा बोंब मारून घ्यायची मुभा. अर्थात दुसऱ्या दिवशी पाटील पाटीलच असतो ते सोडा.

२०१४ च्या जुलैमध्ये बेळगावजवळच्या येळ्ळूर गावातला 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक प्रशासनानं पाडला, पोलिसांचा मार खाल्ला लोकांनी. अशा वेळी ज्याच्याकडं सत्ता नाही, पेपर नाही, चॅनल नाही, त्याच्याकडं टोमणा असतो. नॅन्सी फ्रेझर नावाच्या अमेरिकन बाईंनी १९९० ला सांगितलं की मुख्य चर्चेत ज्यांना जागा नाही ते आपला वेगळा कट्टा तयार करतात, तिथं आपली भाषा, आपले प्रश्न घडवतात. आमचे मराठी ग्रुप म्हणजे असे कट्टेच. पण त्याच बाईंनी हेही बजावलंय की असा प्रत्येक कट्टा चांगलाच असतो असं समजू नका, तिथंही दुसऱ्याला चिरडायची भाषा शिजू शकते. भाषेच्या भांडणात बसच्या कंडक्टरला मारल्यावर किंवा ड्रायव्हरच्या तोंडाला काळं फासल्यावर जे मीम फिरतात, त्यात मला कट्टा दिसत नाही, त्यात ड्युटीवरचा एक पगारी माणूस मार खाताना दिसतो, तो कुठल्या का राज्याचा असेना.

चिन्हं कुणाच्या बापाची नसतात हेही यातनं समजतंय. पेपे नावाचा हिरवा बेडूक, २००५ ला मॅट फ्युरी या अमेरिकन चित्रकाराच्या कॉमिकमधला, साधा आळशी गमत्या. तिथल्या गोऱ्या वर्चस्ववाद्यांनी तो इतका वापरला की २०१६ ला द्वेषाच्या चिन्हांच्या यादीत गेला. आणि २०१९ ला हाँगकाँगची पोरं लोकशाहीसाठी रस्त्यावर आली तेव्हा त्यांच्या पोस्टरवर तोच बेडूक. त्यामुळं मीमचा अर्थ मीममध्ये शोधू नका, तो कुणाच्या हातात आहे आणि कुणावर उगारलाय तिथं शोधा.

'गंमत होती रे' हे वाक्यपण यातच तपासायला पाहिजे. कोलकात्यात २०१२ ला जादवपूर विद्यापीठाच्या एका प्राध्यापकाला मुख्यमंत्र्यांवरचं कार्टून फॉरवर्ड केलं म्हणून अटक झाली, आयटी कायद्याचं ६६ अ कलम लावलं, ते कलम सुप्रीम कोर्टानं २०१५ ला रद्द केलं तरी त्यांची केस २०२३ पर्यंत चालली. गंमत होती म्हणून त्यांना सुटता आलं नाही. माझा पुण्यातला मावसभाऊ काहीही पोस्ट करतो आणि झोपतो. इथला ग्रुप अॅडमिन ऑक्टोबर संपत आला की 'ओन्ली अॅडमिन्स' करून ठेवतो, कारण उद्या चौकीवर त्यालाच बोलावणार. आणि नेमका इथला कानडी पोरगा सोलापूरला नोकरीला गेला की त्याचंही असंच होतंय. कुणाचा विनोद विनोद म्हणून खपतो आणि कुणाचा गुन्हा होतो, यावरनं सत्ता कुठं आहे ते लगेच कळतंय, त्याला थिअरीची गरज नाही.

राहिला प्रश्न पैशाचा, तो लोक विसरतात. व्हॉट्सअॅपनं भारतात २०१८ ला एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली, अफवांवरनं माणसं मारली जायला लागली म्हणून, आणि २०२० ला फार फिरलेला मेसेज एकाच चॅटला पाठवता येईल असं केलं. तिथं निदान माणूस तरी मधे असतो, बोट त्याचं असतं. इन्स्टाग्रामवर तेही नाही, ज्यावर लोक जास्त थांबतात, जास्त कमेंट करतात ते वर येतंय, आणि सीमाप्रश्नावर शिव्यांची कमेंट हटकून पडते, मावसभावाची पडते आणि हुबळीकरांची पडते. दोघांच्या शिव्या त्या पेजच्या रीचमध्ये जमा. मध्यंतरी मी असली दोन पेजं जरा खाली-खाली जाऊन बघितली, एक मराठी अस्मितेचं, एक कन्नड अभिमानाचं, एकमेकांना टॅग करून भांडणारी. दोन-चार पोस्ट सोडून दोन्हीवर एकाच रमी अॅपची जाहिरात होती, फोटो तोच, एकीकडं मराठीत लिहिलेली, एकीकडं कानडीत.